जुन्या आयरिश चांदीवरचे ठसे कसे वाचावेत

आयर्लंडची जुनी चांदी पहिल्यांदा हातात घेणारे बहुतेक जण तिच्यावर सिंह शोधतात. ब्रिटिश चांदीवर चालणारा सिंह असतो, एवढं कुठेतरी कानावर आलेलं असतं. तो दिसला नाही की वस्तू मुलाम्याची असावी असं वाटतं आणि ती परत टेबलावर जाते. पण डब्लिनच्या ठशांमध्ये सिंह नसतोच. तिथे शुद्धतेची खूण म्हणजे हार्प हे तंतुवाद्य आणि त्यावर मुकुट. एवढं एक लक्षात ठेवलं तरी कितीतरी चांगल्या वस्तू हातून सुटायच्या थांबतील.

नवख्यांना नडणारी दुसरी सवय म्हणजे थेट वर्षाचं अक्षर, म्हणजे तपासणीचं वर्ष दाखवणारं अक्षर, शोधून तक्त्याशी जुळवणं. इंग्लंडच्या चांदीत ते बऱ्याचदा चालून जातं. आयरिश चांदीत त्याने हमखास घोळ होतो. का होतो ते पुढे येईलच. आत्ता एवढंच सांगतो की अक्षर सगळ्यात शेवटी वाचायचं. त्याआधी इतर ठसे पाहायचे, ते मोजायचे आणि कोणता ठसा नाही याचीही नोंद करायची. आयरिश चांदीत नसलेला ठसासुद्धा पुरावा असतो.

आपल्याकडे हॉलमार्क म्हटलं की बीआयएसचा त्रिकोण आणि कॅरेटचा आकडा डोळ्यासमोर येतो. २००० पासून काही वर्षं आपल्या हॉलमार्कच्या सोन्यावरही वर्षाचं अक्षर असायचं, ए म्हणजे २०००, बी म्हणजे २००१. २०१७ पासून ते बंद झालं. ही पद्धत मूळची युरोपातली, आणि डब्लिनमध्ये ती १६३८ पासून आहे. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १६३७ मध्ये, राजा चार्ल्स पहिला याने डब्लिनच्या सोनारांच्या संघाला सनद दिली आणि सबंध आयर्लंडमधल्या सोन्याचांदीचा कस तपासण्याचा अधिकार त्या एका संघाकडे गेला. पुढच्या अनेक गुंतागुंतींचं मूळ या 'सबंध आयर्लंड आणि एकच कार्यालय' यात आहे.

तयारी

दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग, तिरका पाडता येईल असा एक दिवा, मऊ सुती कापड आणि ग्रॅमचा काटा एवढं पुरे. ठसा नीट दिसावा म्हणून पॉलिश लावून घासू नका. ठशाच्या खाचांमध्ये बसलेला काळेपणाच तो वाचायला मदत करतो, आणि दोनअडीचशे वर्षांच्या घासण्याने आधीच बारीक झालेली रेष आणखी बोथट होते. प्रकाश वरून टाकू नका, एका बाजूने आडवा टाका आणि वस्तू हळूहळू फिरवत राहा. समोरून नुसता गोळा वाटणारा ठसा एखाद्या कोनात अचानक हार्प होऊन उभा राहतो.

चांदीवर तोंडाची वाफ सोडून पाहायचीही सवय लावून घ्या. चांदी क्षणभर धुरकट होते आणि त्या धुरकटपणात झाळलेले जोड, मागून बसवलेला तुकडा, खोडून टाकलेलं कोरीव चिन्ह या गोष्टी रेषांसारख्या उमटतात.

आधी धातू

ठशांकडे वळण्याआधी वस्तू चांदीचीच आहे ना ते बघा. विजेच्या मुलाम्याचा व्यवसाय १८४० पासून सुरू झाला आणि मुलाम्याच्या कारखानदारांनी आपल्या खुणा हॉलमार्कसारख्याच दिसाव्यात म्हणून पुरेपूर काळजी घेतली. चार वेगवेगळ्या चौकटींत, वळणदार लिपीत चार अक्षरं असतील तर ती नीट वाचा: ई, पी, एन, एस अशी निघाली तर तो निकेलवरचा मुलामा आहे. त्याआधीचं शेफील्ड प्लेट हे तांब्यावर चढवलेलं चांदीचं पान. त्यात कडेला, पायाशी किंवा मुठीजवळ तांब्याचा लालसरपणा डोकावतो. झीज जिथे सगळ्यात जास्त होते तिथेच पाहायचं.

ठसे मोजा

आता खरं काम. डब्लिनमध्ये तपासलेल्या चांदीवर कोणत्या काळात कोणते ठसे असायला हवेत ते एकदा मनात पक्कं करून घ्या. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

१६३८ ते १७३० या काळात तीन ठसे: मुकुटधारी हार्प, वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. हार्पचा अर्थ चांदी स्टर्लिंग कसाची आहे, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. इंग्लंडमध्ये १६९७ ते १७२० या काळात याहून शुद्ध, ब्रिटानिया नावाचा कस सक्तीचा होता. आयर्लंडमध्ये तो कधीच लागू झाला नाही, त्यामुळे त्या वर्षांतल्या डब्लिनच्या चांदीवरही हार्पच मिळेल.

१७३० मध्ये आयरिश संसदेने चांदीवर औंसाला सहा पेन्स कर बसवला, आणि कर भरल्याची खूण म्हणून हिबर्नियाचा ठसा आला. हिबर्निया म्हणजे आयर्लंडचं स्त्रीरूप: बसलेली बाई, शेजारी हार्प. ठसे आता चार झाले.

१८०७ मध्ये कराची खूण बदलली आणि राजाचं डोकं आलं. खरं तर मग हिबर्नियाचं काम संपलं होतं, पण तिचा ठसा काढला नाही. तेव्हापासून तो डब्लिन कार्यालयाचा ठसा म्हणूनच ओळखला जाऊ लागला. म्हणून १८०७ ते १८९० या काळात पाच ठसे. १८९० मध्ये कर रद्द झाला, डोकं गेलं, आणि पुन्हा चार उरले.

इथे एक खोच आहे. १७३० ते १८०७ चे चार ठसे आणि १८९० नंतरचे चार ठसे नावानिशी तेच आहेत: हार्प, हिबर्निया, अक्षर, कारागीर. मोजणीत त्यांच्यात काही फरक पडत नाही, वयात मात्र दीडशे वर्षांचं अंतर असू शकतं. त्यातच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्लिनच्या कारागिरांनी अठराव्या शतकातल्या घाटांच्या वस्तू पुन्हा मोठ्या प्रमाणावर घडवल्या. त्यात फसवणूक नव्हती. त्या रीतसर तपासून, त्या वर्षाचं अक्षर मारून विकल्या गेल्या. आज मात्र त्या जुन्या म्हणून पुढे केल्या जातात, कधी अज्ञानाने तर कधी जाणूनबुजून. फरक ठशांच्या अंगात दिसतो. अठराव्या शतकातले ठसे हाताने, एकेक करून, जरा वाकडेतिकडे, कमीजास्त अंतरावर मारलेले असतात. एक खोल, दुसरा उथळ, हिबर्निया निम्मी उमटलेली. विसाव्या शतकातले ठसे लहान, कोरे आणि शिस्तीत रांगेत बसलेले असतात. दोन्ही प्रकारच्या दहाबारा वस्तू शेजारीशेजारी पाहिल्या की हा फरक डोळ्यात बसतो. नुसतं वर्णन वाचून तो बसणार नाही, म्हणून वस्तू पाहायची एकही संधी सोडू नका.

हिबर्निया आणि ब्रिटानिया (ब्रिटानिया कसाच्या इंग्लिश चांदीवरचं ब्रिटनचं स्त्रीरूप) यांचीही गल्लत होते. दोघी बसलेल्याच आहेत. हिबर्नियाजवळ हार्प असते, ब्रिटानियाजवळ ढाल. ठसा झिजून बाईच्या हातात काय आहे तेच कळेनासं झालं तर शेजारी पाहा. शेजारी मुकुटधारी हार्प असेल तर ती हिबर्निया. मानेशी तुटल्यासारखं दिसणारं सिंहाचं मुंडकं असेल तर ती ब्रिटानिया आणि वस्तू इंग्लंडची. एकट्या ठशावर भिस्त ठेवू नये ती यासाठीच.

डोकं कुणीकडे पाहतं

राजाचं डोकं सापडलं तर त्याचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते पाहा. तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम आपल्या उजवीकडे पाहतात, व्हिक्टोरिया डावीकडे. चेहरा पार झिजला तरी नाकाची आणि हनुवटीची बाजू बहुधा कळते, आणि तेवढ्याने वस्तू १८३० च्या दशकाच्या अलीकडची की पलीकडची ते ठरतं.

आता अक्षर

अक्षर शेवटी का, ते के या एका अक्षरावरून पाहू. १७९७ ते १८९५ या काळात डब्लिनच्या अक्षरमालांत साधं मोठं रोमन के तीन वेळा आलं. १७९७ मध्ये ए पासून सुरू झालेल्या मालेत ते १८०६ ला येतं, १८२१ च्या मालेत १८३० ला, आणि १८७१ च्या मालेत १८८० ला. अक्षराच्या चौकटीचा आकार वेगळा असतो हे खरं, पण झिजलेल्या चमच्यावर चौकटीचे कोपरेच उरलेले नसतात. तक्ता समोर ठेवून नवखा माणूस तिन्हीपैकी मनाला पटेल ते निवडतो, आणि मनाला नेहमी सगळ्यात जुनं पटतं.

आता हेच अक्षर वरच्या क्रमाने वाचा. के आहे आणि राजाचं डोकंच नाही: १८०६, कारण डोकं पुढच्या वर्षी आलं. के आहे आणि डोकं उजवीकडे पाहतं: १८३०. के आहे आणि डोकं डावीकडे पाहतं: १८८०. चौकट पाहायचीही गरज पडली नाही.

१८२१ आणि १८७१ च्या मालांमध्ये जे हे अक्षर वगळलेलं असल्याने त्या २५-२५ वर्षांच्या होतात. १७९७ ची माला २४ वर्षांची आहे. १८४६ ते १८७० ची माला लहान रोमन अक्षरांची आहे, तिथे गोंधळ कमी. १८९६ ची माला जुन्या वळणदार, जाड अक्षरांची असून ती यू पाशी, १९१५ ला थांबते. १९१६ पासून पुढची सुरू होते. डब्लिनचं अक्षर पूर्वी वर्षाच्या मध्यात बदलायचं, म्हणून जाणकार १८३०-३१ असं जोडवर्ष लिहितात. तुम्हीही तसंच लिहा.

अठराव्या शतकाची गोष्ट वेगळी. त्या काळात, विशेषतः मधल्या दशकांमध्ये, डब्लिनमध्ये वर्षाचं अक्षर मारण्यात फार ढिलाई होती. हार्प आहे, हिबर्निया आहे, कारागीर आहे आणि अक्षराचा पत्ता नाही, अशा वस्तू खूप सापडतात. अशी वस्तू अपुरी किंवा संशयास्पद समजून सोडू नका. त्या काळाला ते अगदी साजेसं आहे. शिवाय त्या शतकातल्या अक्षरांसाठी वेगवेगळे तक्ते वर्षा-दोन वर्षांनी वेगळं सांगतात. तिथे एका वर्षावर अडून बसण्यापेक्षा दशक सांगणं प्रामाणिकपणाचं.

कारागिराची आद्याक्षरं

दोन अक्षरांवरून माणूस शोधणं ही या छंदातली सगळ्यात रंगतदार आणि सगळ्यात निसरडी जागा. आर सी म्हणजे रॉबर्ट कॅल्डरवुड, अठराव्या शतकाच्या मध्यातला डब्लिनचा नावाजलेला सोनार. पण ती अक्षरं त्याच्या एकट्याची नव्हती. टी बी पाहिलं की थॉमस बोल्टन आठवतो, ज्याचा काळ सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याची सुरुवात, आणि जो पुढे डब्लिनचा लॉर्ड मेयरही झाला. पण तुमच्या टी बी शेजारी हिबर्निया बसलेली असेल, तर ती वस्तू १७३० नंतरची आणि कारागीर बहुधा कुणी दुसरा. म्हणजे काळ आधी ठरवायचा आणि मग त्या काळातली नावं तपासायची. उलट्या दिशेने गेलात तर मोठ्या नावाचा मोह पडतो.

जुन्या ठशांमध्ये जे च्या जागी आय वापरत. त्यामुळे आय ने सुरू होणारी आद्याक्षरं जॉन, जेम्स किंवा जोसेफ यांची असण्याचीच शक्यता जास्त.

अक्षरांऐवजी पूर्ण आडनाव ठोकलेलं असेल, उदाहरणार्थ डब्लिनच्या वेस्ट यांचं, तर ते बऱ्याचदा दुकानाचं नाव असतं. घडवणारा वेगळा, विकणारा वेगळा. एकोणिसाव्या शतकात दोन्ही ठसे एकाच वस्तूवर दिसणं नेहमीचं आहे.

हार्प नाही, हिबर्निया नाही, तरीही आयरिश

आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग. कायद्याने सगळ्या देशाची चांदी तपासायला डब्लिनला जायला हवी होती. कॉर्क तिथून अडीचशे किलोमीटरवर. रस्ते वाईट, वाटेत लुटीची भीती, जाण्यायेण्यात दिवस मोडणार, आणि नाजूक वस्तू परत येईपर्यंत चेपणार. म्हणून कॉर्कचे, लिमरिकचे, गॉलवेचे सोनार आपली चांदी घरीच ठसवत. त्यामागे सरकारी तपासणी नव्हती, सोनाराची पत होती.

कॉर्कच्या नगरचिन्हात दोन किल्ल्यांमधून येणारं जहाज आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्याच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत तिथले सोनार किल्ला आणि जहाज यांचे ठसे आपल्या आद्याक्षरांसोबत मारत. रॉबर्ट गोबल हा त्या काळचा मोठा कारागीर. त्याने १६९६ मध्ये कॉर्कच्या कारागीर संघांसाठी घडवलेला राजदंड आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. साधारण १७१० नंतर किल्ला-जहाज मागे पडले आणि 'स्टर्लिंग' हा शब्दच ठसा म्हणून आला. तो कधी पूर्ण, कधी तोडून, कधी स्पेलिंग बदलून मारलेला दिसतो. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत टिकली. काही कॉर्क वस्तूंवर 'डॉलर' असाही ठसा सापडतो: स्पॅनिश डॉलरची नाणी वितळवून घडवलेली चांदी, कस स्टर्लिंगपेक्षा थोडा कमी. ठसा मारणाऱ्याने ते उघड सांगून टाकलं आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

कॉर्कच्याच सी टी आणि जे डब्ल्यू या जोडठशाकडे विशेष लक्ष द्या. कार्डन टेरी आणि त्याची मुलगी जेन विल्यम्स. जेनचा नवरा जॉन विल्यम्स हा टेरीचा भागीदार होता. तो वारल्यावर जेन वडिलांबरोबर धंद्यात उभी राहिली आणि तिची अक्षरं वडिलांच्या अक्षरांखाली आली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या त्यांच्या वस्तू आजही बाजारात फिरताना दिसतात.

लिमरिकचे जुने ठसे किल्ल्याचं प्रवेशद्वार आणि तारा, नंतर तिथेही स्टर्लिंग हा शब्द. कॉर्क आणि लिमरिक वेगळं करायला मग आद्याक्षरांखेरीज दुसरा मार्ग नाही. तिथल्या जोसेफ जॉन्सची चमच्यापासून पळीपर्यंतची कामं संग्राहक शोधत असतात. तोही पुढे आपल्या गावचा मेयर झाला. गॉलवेचा ठसा नांगर, म्हणजे जहाजाचा. रिचर्ड जॉइस या गॉलवेच्या सोनाराची आर आय अक्षरं आणि नांगर असा ठसा प्रसिद्ध आहे. दोन हातांनी धरलेल्या मुकुटधारी हृदयाच्या क्लॅडा अंगठीशी परंपरेने त्याचंच नाव जोडतात. यॉल या बंदरगावाचा ठसा शिडाची छोटी होडी.

इथे सावध राहायची ठिकाणं तीन. नांगर बर्मिंगहॅमचाही आहे, १७७३ पासून, आणि बाजारातले शंभरातले बहुतेक नांगर त्याच गावचे असतात. शेजारी चालणारा सिंह दिसला की गॉलवे विसरायचं. किल्ला एडिनबरोचाही आहे, एक्सेटरचाही, न्यूकॅसलचे तर तीन किल्ले. आणि स्टर्लिंग हा शब्द एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकन चांदीवर सर्रास असतो. अमेरिकन ठसा नीटनेटका, यंत्राने मारलेला, बहुधा कंपनीच्या नावासह किंवा नमुना क्रमांकासह असतो. कॉर्कचा ठसा हाताने मारलेला आणि जोडीला दोन आद्याक्षरं.

एक छोटी चौकी वॉटरफर्डजवळच्या न्यू जिनिव्हालाही होती. जिनिव्हातून आलेल्या घड्याळजींसाठी ही वसाहत आखली आणि १७८४ मध्ये तिथे कस तपासणी सुरू झाली, पण वसाहतच रुजली नाही आणि काही वर्षांत सगळं आटोपलं. तिथला ठसा तुमच्या हाती लागण्याची शक्यता नगण्य.

आणि मग १९२२. आयर्लंडच्या यादवी युद्धात कॉर्क ब्रिटनशी झालेल्या तहाच्या विरोधकांच्या ताब्यात, डब्लिनशी रेल्वे आणि टपाल तुटलेलं. विल्यम ईगन या कॉर्कच्या पेढीतल्या कारागिरांना काम होतं, पण घडवलेली चांदी तपासायला पाठवता येत नव्हती. त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीची गावची खूण पुन्हा काढली: किल्ला, जहाज, किल्ला, आणि पेढीची अक्षरं डब्ल्यू ई. त्या उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांतच ही चांदी ठसवली गेली. ऑगस्टमध्ये सरकारी फौजा समुद्रमार्गे उतरल्या, शहर त्यांच्या हाती गेलं आणि वाटा पुन्हा खुल्या झाल्या. 'रिपब्लिकन सिल्व्हर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्तू फार थोड्या आहेत, किंमत भारी आहे, आणि म्हणूनच बनावटही होतात. तुमच्या छंदाच्या पहिल्या दोनतीन वर्षांत कुणी अशी वस्तू स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका.

ठसा आणि घाट जुळतात का

ठसे एक काळ सांगतात, वस्तूचा घाटही एक काळ सांगतो. दोघांचं उत्तर एक यायला हवं.

आयर्लंडचे काही घाट खास तिथलेच. डिश रिंग ही मधे आत वळलेली, जाळीकाम केलेली कडी. गरम भांड्याचा चटका मेजाला लागू नये म्हणून अठराव्या शतकात वापरायचे. तिला पोटॅटो रिंग म्हणायची प्रथा आहे, पण तिचा बटाट्यांशी संबंध नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ज्या नव्या घडणीबद्दल वर सांगितलं, तिच्यात या कड्या भरपूर. दुसरा घाट दुधाच्या छोट्या भांड्याचा: उलट्या शिरस्त्राणासारखं तोंड, तीन पाय, पायांच्या वर सिंहाचे किंवा माणसांचे मुखवटे. तिसरा, अठराव्या शतकाच्या अखेरीचे टोकदार दांडीचे चमचे, त्यांवर कोरणीने तिरके काप घेऊन चमचमती केलेली नक्षी.

चमच्यांवर ठसे कुठे आहेत हेही पाहा. साधारण १७८० पर्यंत ते दांडीच्या खालच्या भागात, वाटीजवळ मारत. नंतर वर, टोकाकडे सरकले. खाली मारलेले ठसे दांडी पुन्हा ठोकून सारखी करताना बहुधा चेपले आणि अरुंद झाले आहेत. असा चेपलेला ठसा पाहून घाबरू नका.

एक उदाहरण घेऊ. तीन पायांचं दुधाचं भांडं. कडेखाली हार्प, हिबर्निया, दोन आद्याक्षरं. अक्षर नाही, डोकं नाही. हिबर्नियामुळे १७३० च्या आधीचं नाही. डोकं नसल्यामुळे १८०७ ते १८९० हा काळ बाद. ठसे ओबडधोबड, झिजलेले, एकमेकांपासून कमीजास्त अंतरावर, आणि अक्षर गाळलेलं. म्हणजे १८९० नंतरचंही नाही. उरलं १७३० ते १८०७. घाट अठराव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकातला. आता त्या पंचवीसेक वर्षांत ती आद्याक्षरं वापरणारे डब्लिनचे सोनार कोण, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. नोंद करायची: 'डब्लिन, सुमारे १७६५, अक्षर नाही.'

त्याच भांड्यावर फुलापानांची दाट उठावाची नक्षी असेल तर थांबा. व्हिक्टोरियन काळात साधी जुनी चांदी लोकांना बोडकी वाटायची आणि ती नंतर ठोकून सजवली गेली. नक्षी ठशांवरून किंवा जुन्या कोरीव चिन्हावरून जात असेल तर ती मागाहूनची. ठसे खरे, काळ खरा, तरी किंमत साध्या भांड्यापेक्षा कमी.

कुठे फसवणूक होते

सहा चमच्यांचा संच असेल तर सहाही चमच्यांचे ठसे भिंगाखाली एकापाठोपाठ पाहा. हाताने मारलेले ठसे प्रत्येक चमच्यावर थोडे वेगळे पडतात. सगळ्यांवर हार्प त्याच जागी, तितकीच तिरकी, तिच्यावर तोच ओरखडा, असं दिसलं तर एका खऱ्या चमच्याचा साचा काढून बाकीचे ओतले आहेत. ओतलेल्या ठशाची कड मऊ असते आणि पृष्ठभागावर बारीक टोचे दिसतात.

दुसरी युक्ती म्हणजे खऱ्या जुन्या चमच्यातून ठशांची पट्टी कापून मोठ्या भांड्याच्या बुडाला झाळणं. वाफ सोडली की त्या पट्टीची चौकोनी कड उमटते. भांड्याच्या बुडावर ठसे चमच्यासारखे एका सरळ रेषेत दाटीने बसलेले दिसले की मी सगळ्यात आधी तेच तपासतो.

वजनही बोलतं. जुन्या भांड्यांच्या बुडाला बऱ्याचदा सुईने ओरबाडल्यासारखे आकडे असतात, उदाहरणार्थ १५-८. ते मूळ वजन: १५ ट्रॉय औंस आणि ८ पेनीवेट. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, आणि २० पेनीवेटचा एक औंस, म्हणून हे भांडं घडवलं तेव्हा सुमारे ४७९ ग्रॅमचं होतं. आज काट्यावर ४७० भरलं तर झीज म्हणून सोडून द्या. ४०० भरलं तर काहीतरी कापलं किंवा घासून काढलं आहे. ५३० भरलं तर मागाहून काही जोडलं आहे.

डोळा कसा तयार करायचा

डब्लिनमध्ये राहत असाल तर कॉलिन्स बॅरॅक्समधल्या राष्ट्रीय संग्रहालयात चांदीचं दालन आहे, प्रवेश मोफत. कॉर्कच्या चांदीसाठी तिथलं पब्लिक म्युझियम. पण काचेमागची वस्तू उलटी करून पाहता येत नाही, म्हणून लिलावाआधीच्या पाहणीच्या दिवशी जाणं जास्त उपयोगाचं. काहीही विकत न घेता भिंग लावून पाहू देतात, आणि ठशांविषयी विचारलं तर तिथली माणसं सहसा आनंदाने सांगतात. घरून इंटरनेटवर घेणार असाल तर विक्रेत्याकडे ठशांचे तिरक्या प्रकाशातले फोटो, वजन आणि बुडाचा फोटो मागा. हे तिन्ही दिल्याशिवाय पैसे पाठवू नका.

पहिली खरेदी म्हणून १८२१ च्या मालेतला, व्हिक्टोरियाच्या आधीचा, डब्लिनचा एखादा चहाचा चमचा किंवा डेझर्टचा चमचा घ्या. त्यावर पाचही ठसे मिळू शकतात, आयरिश चांदीत तो सगळ्यात परवडणाऱ्या वस्तूंपैकी आहे, आणि त्याच्या बनावटीच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. घेताना ठसे पूर्ण आणि ठसठशीत असलेलाच निवडा, वाटीचं टोक झिजलेलं नको. मग त्याच्यासोबत व्हिक्टोरियाच्या काळातला एक चमचा ठेवा, दोघांची डोकी कुणीकडे पाहतात ते भिंगातून बघा, आणि त्यानंतर तक्ता उघडा.